खिडकीचं माप

अकोला,
ता. १४ जून १९६१

प्रिय दादास,

ललिताचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे माझा खोकला सोडून. तो आता घरचाच झाला आहे, आईनं त्याच्यापुढे ताट मांडणं तेवढं बाकी आहे. इंजेक्शनं चालू आहेत.

मोठी बातमी अशी की बाबांनी परवा, सोमवारी, नगरपालिकेत अर्ज दिला. (ते अजून कमेटीच म्हणतात.) डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, की पोरीला चुलीच्या धुरातून बाहेर काढा, ऊन-वारा येईल अशी वेगळी खोली द्या, तेही औषधच समजा. तर मागच्या अंगणात दहा बाय दहाची खोली, विटांच्या भिंती, वर टिनं. शेजारचे गोवर्धनभाऊ, माळी, म्हणाले की अर्ज-बिर्ज कशाला, आपण दोन दिवसांत भिंती उभ्या करू, माझ्याही खोलीला कोणी विचारलं नाही. बाबा असे भडकले की काही विचारू नकोस. म्हणाले, देशाचा कायदा आपल्या माणसानं लिहिला, अन् आपणच चोरून भिंत घालायची काय? गोवर्धनभाऊ बिचारे गुपचूप वांगी ठेवून निघून गेले.

तिथल्या बाबूनं अर्जाची पोच दिली आणि सांगितलं की या तारखेपासून साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजुरी मिळाली असं समजा. तेव्हापासून बाबा रोज सकाळी कापसाच्या जीनवर कामाला जाण्याआधी भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढतात. आज दोन झाल्या. आईला ताकीद आहे की मंजुरीचा मोठा लखोटा येईल, शिक्क्याचा, तो जपून ठेवायचा. आई दिवसातून दहादा दारात जाऊन लखोटा पाहते.

नकाशा ओव्हरसियरकडून काढून घेतला, पण खिडकीवरून माझं अन् बाबांचं जुंपलं. बाबा म्हणतात तीन फूट पुरे, पावसाचं पाणी आत येईल. मी म्हणते चार फूट, खाटेवर पडल्या पडल्या मला गोवर्धनभाऊंचा शेवंतीचा वाफा दिसला पाहिजे. शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून ती जागा कोरी ठेवून नकाशा दिला. बाबा म्हणाले, खिडकी बांधतेवेळेस पाहू कोण जिंकते.

अजून एक गंमत. तुझ्या मागच्या कार्डाचा कोपरा नत्थुजी पोस्टमनच्या थैलीत मुडपला होता. चांदूर रेल्वेहून आजी गेल्याचं कार्ड आलं तेव्हा त्याचा कोपरा फाडलेला होता, मरणाच्या खबरेचा फाडतात तसा. तेव्हापासून आई कोणत्याही कार्डाचा आधी कोपरा पाहते. तुझं कार्ड पाहून, मी ते वाचून दाखवेपर्यंत ती चुलीपासून हलली नाही. तिला अक्षर येत नाही पण कोपरा वाचता येतो, असं मी म्हटलं तर मला धपाटा बसला. म्हणून आता मी तिच्या हाती पाटी दिली आहे. खाटेवर पडून मास्तरीण झाले बघ, तुझ्यासारखी.

आईबाबांचा तुला आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहेच, तो मोठ्या पत्रातून दिसू दे.

तुझी,
ललिता


धारणीच्या पुढे, शाळेतून,
ता. २३ जून १९६१

प्रिय ललीस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र पोचलं, दोनदा वाचलं. चार फुटांची खिडकी हवी? ती खिडकी आहे की सिनेमाचा पडदा? तरी माझं मत तुझ्या बाजूनं धर.

इकडे पावसाचा रंग दिसतो आहे. एकदा नाले भरले की धारणीची बस बंद, जीप बंद, टपालही तिकडेच अडकतं. गावचा पाटील सांगत होता की माझ्याआधीचे मास्तर असेच पावसात तापानं पडले, आणि त्यांच्या घरी कळायला महिना लागला, तोवर सगळं आटोपलं होतं. मी हसून म्हटलं, माझी आई आधी कोपरा पाहील, मग रडेल. तेव्हा चिठ्ठी आली नाही तर काळजी करू नका.

बाबांना सविनय जयभीम. आईला म्हणावं, पाटीवर माझं नाव काढून ठेव, मी आलो की तपासीन. औषध चुकवू नकोस, आणि दादाची आठवण औषधासारखी रोज काढत जा.

तुझा,
देवमन


अकोला,
ता. २९ जुलै १९६१

प्रिय दादास,

जयभीम वि. वि. महिना झाला, तुझं एक अक्षर नाही. पावसामुळे असेल, हे मला कळतं, पण आईला कोण समजावणार? तुझं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, ते मास्तरांच्या तापाचंही वाचलं. तेवढं गाळायला पाहिजे होतं. माझं चुकलं.

गेले तीन आठवडे आईला काय झालं आहे समजत नाही. जेवत नाही. पाटी कोनाड्यात पडून आहे. पावसाळ्यात सुद्धा ती जुनी जाड गोधडी स्वतःच अंथरते अन् कोणाला हात लावू देत नाही. नत्थुजी गल्लीत दिसला की आत जाऊन बसते. पहिले त्याला बोलावून चहा पाजायची. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, तुझ्या दादाचं पत्र येईल तेव्हा येईल. अन् माझ्याकडे अशी पाहत राहिली की मलाच रडू आलं.

बाबांच्या सत्तेचाळीस रेघा झाल्या. तेरा राहिल्या. विटा पाहून आले. पाऊस असल्यामुळे दार लावावं लागतं आणि धूर घरातच फिरतो, त्यामुळे थोडा त्रास होतो. पण तेरा दिवस काय, चुटकीसरशी जातील.

दादा, दोन ओळी लिही. माझ्यासाठी नाही, आईसाठी.

तुझी,
ललिता


धारणीच्या पुढे,
ता. ५ ऑगस्ट १९६१

ती. आईस व बाबांस, देवमनचा सविनय जयभीम. ललीस आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. नाला भरला होता, आणि सोबत चार दिवस ताप होता, तो उतरला. लिहिता आलं असतं पण टपाल जाणारच नाही म्हणून आळस केला. आई, मला माफ कर. हे पत्र एका माणसाच्या हाती धारणीला धाडतो आहे. लले, आईला हे तीनदा वाचून दाखव, आणि ताप उतरला हे वाक्य चारदा. सगळ्यांनी माझ्यावर रागावण्याइतका लोभ ठेवावा.

आपला,
देवमन


अकोला,
ता. १७ ऑगस्ट १९६१

चि. देवमन यास,

बुधाजीचे अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की तुझे पत्र पोचले, तुझी आई ते उराशी धरून रडली अन् हसली. त्या दिवशी जेवली. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तशीच. बायकांचं काही समजत नाही.

साठ दिवस ११ तारखेला भरले. १४ तारखेला धुतलेला सदरा घालून कमेटीत गेलो. मंजुरी झाली असं समजून काम सुरू करतो, एवढं सांगाले. बाबूनं सदरहू अर्ज काढला, तं त्यावर दप्तरदाखल असा शेरा. म्हणजे अर्ज बंद करून गठ्ठ्यात बांधून टाकला. काहून, तं नकाशात खिडकीचं माप नाही, ते येऊन भरा असं उत्तर त्यायनं ३ जुलैलेच धाडलं होतं, अन् आपण गेलो नाही. मी म्हटलं उत्तर आलंच नाही. त्यानं जावकाचं बुक दाखवलं. माझं नाव, पत्ता, सारं बरोबर होतं. बाबूची काही चूक नाही, माणूस चांगला आहे.

चूक नत्थुजीची आहे. एवढा मोठा शिक्क्याचा लखोटा गहाळ होतेच कसा? मी त्याले चारचौघांत बोललो. तो म्हणे, मले आठवत नाही, आलं असंल तं दिलंच असंल. मी म्हटलं, माह्या पोरीच्या जिवाचा कागद होता तो, अन् तुले आठवत नाही? पुन्हा माह्या दारात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. आता तो पत्रं गोवर्धनच्या घरी देऊन जाते.

काल १६ तारखेला नवा अर्ज दिला. तिथंच उभ्या उभ्या नकाशात खिडकी चार फूट असं लिहिलं. तुझी बहीण जिंकली. घरी येऊन सांगितलं तं खोकता खोकता टाळ्या वाजवून राहिली होती. साठ दिवस १५ ऑक्टोबरला भरतात. नवीन रेघा सुरू केल्या.

तब्येत जपावी. बापाची माया कागदावर उतरत नाही, तरी असल्याचे समजून घ्यावे.

तुझा,
बुधाजी


धारणीच्या पुढे,
ता. २६ ऑगस्ट १९६१

ती. बाबांस सा. जयभीम. वि. वि.

बाबा, आजवर तुमच्या शब्दापुढे गेलो नाही. आज जातो. गोवर्धनभाऊंना बोलवा आणि उद्याच्या उद्या भिंती उभ्या करा. मागून दंड होईल तो मी माझ्या पगारातून भरीन. अजून साठ दिवस धुरात ललीचं काय होईल याचा विचार करा. कायदा आपला आहे, पण लली पण आपलीच आहे. रागावलात तर रागवा, पण खोली बांधा. हे मागणं मोठ्या मनानं पदरात घ्यावं.

आपला,
देवमन


अकोला,
ता. १२ सप्टेंबर १९६१

प्रिय दादास,

जयभीम. तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या खाटेपाशी येऊन बसले आणि मला विचारलं, पोरी, बांधून टाकू काय? तू म्हणशील तं बांधतो.

दादा, त्यांचा चेहरा पाहिला असतास तर तूही तेच केलं असतंस. लहानपणी त्यांना विहिरीवरून हाकललं तेव्हा कोणता कायदा नव्हता. आता आहे, आणि कमेटीतला बाबू त्यांना खुर्ची देतो, बसा म्हणतो, पोच देतो. ती पोच त्यांनी कायदा लिहिणाऱ्यांच्या फोटोमागे ठेवली आहे. माझ्यासाठी त्यांनी चोरून भिंत घातली असती, पण नंतर ते तिच्याकडे पाहू शकले नसते. मी म्हटलं, नको बाबा, मंजुरी येऊ द्या, मला घाई नाही. तू माझ्यावर रागावशील. रागाव.

घाई थोडी आहे, हे तुला एकट्याला सांगते. परवा पुन्हा रक्त पडलं.

आई फिरून पाटी घेऊन बसते. बहुतेक माझं मन रमावं म्हणून. बाराखडी पुरी झाली, फक्त जोडाक्षरं राहिली आहेत. पण मधेच डोळे पुसते. परवा चांदूरच्या सूर्यभानमामाची गोष्ट निघाली, की तो कधी एक ओळ धाडत नाही, तर पाटी टाकून उठून गेली. मामाशी भांडण झालं का काय, कोण जाणे.

हात दुखतो, म्हणून आवरते. लोभ होता तसाच असू दे, कमी-जास्त नको.

तुझी,
ललिता


अकोला,
ता. २ ऑक्टोबर १९६१

चि. देवमन यास,

तार केली आहे. तुझ्याकडे ती केव्हा पोचंल ते सांगता येत नाही, म्हणून हे पत्र पाठीमागून.

आपली ललिता काल सकाळी गेली. सकाळी चुलीवर पाणी ठेवलं होतं, धूर झाला, खोकला लागला तो थांबला नाही. मी जीनवर होतो. गोवर्धन धावत बोलवाले आला. मी पोचलो तं झालं होतं.

बुद्धवंदना घेऊन सारं केलं. गोवर्धननं शेवंतीचा अख्खा वाफा खुडून आणला. बाबा, बाबा, असं म्हणत होती म्हणे. मी नव्हतो.

तुझा मामा सूर्यभान चांदूरहून आला. तो दारात दिसताच तुझी आई भूत पाह्यल्यावानी चिरकली अन् खाली पडली. मेलेल्या पोरीले सोडून त्याचेच हात-तोंड चाचपत होती. दुःखानं डोकं फिरलं असं बाया म्हणाल्या. तू ये. मले सुचत नाही.

तुझा,
बुधाजी


अकोला,
ता. २१ ऑक्टोबर १९६१

चि. देवमन यास आशीर्वाद व जयभीम.

तू परत गेल्यावर लखोटा गोवर्धननं आणून दिला. १३ तारखेलेच त्याच्या घरी येऊन पडला होता. तू इथं होता म्हणून त्याले द्यायचा धीर झाला नाही. मोठा आहे, शिक्का आहे, खिडकी चार फूट असं आत लिहिलं आहे. मंजूर. हिशोब केला तं अठ्ठावन्नावा दिवस होता. म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधीच. कमेटीनं वेळ पाळली, माह्या पोरीनं पाळली नाही.

मंजुरी एक वर्ष चालते. मी ती पेटीत ठेवून दिली. आता खोली कोणासाठी बांधू? भिंतीवरच्या रेघा तुझी आई पुसू देत नाही. इथलं वर्तमान एवढंच. तुझी आठवण येते, तेवढा लोभ समजावा.

तुझा,
बुधाजी


अकोला, बुधवार,
ता. ८ नोवेंबर

देवमन बाळा,

आईचा जयभीम. हे मी माया हातानं लिहून राहिली. तीन दिवस लागले. जोडाकशर मले येत नाही, ललिता तेथवर पोचली नाही. चुकलं तं हसू नको.

तू घरी आला तवा सांगू मनलं. तोंड उघडलं नाही. आता कागदावर सांगते.

पावसात एक दिवस नथुजी कारड देऊन गेला. मी एकटी होती. ललिता झोपली होती. कारड भिजलं होतं अन एक कोपरा गेला होता. तुई चिठी आली नवती. तूच लिहिलं होतं का पहिला मासतर तापानं मेला. मले वाटलं माया देवमन गेला. दुसरं काही मनात आलंच नाही.

ते कारड मी कोणाले दाखवलं नाही. वाचलं तं तू खरंच मेला असता. नाही वाचलं तं जिता. असं माया डोकशात होतं. मी ते गोधडीत शिवून टाकलं अन तिचेवर निजत होती.

मंग तुई चिठी आली. मी रडली, हसली. पण कारड तं होतंच. मंग कोण मेलं? मनलं, माया भाऊ. तो कधी लिहित नाही. तेचं दुख मी एकटीनं काढलं. ललिता आजारी, तिले काहून सांगू? मेला तो मेला, पोरगी तं सुखानं राहो. बाबा लखोटा लखोटा करत होते. मी बी लखोटाच पाहत होती. लखोटा कारड होऊन येते हे मले काय माहीत.

ललिता गेली तवा भाऊ दारात उभा. तेले पाहून मी ओरडली. सगळे मनले बाई येडी झाली. मी येडी नाही झाली. मले तवाच समजलं का कारडात दुसरं काही आहे.

तू परत गेला मंग मी गोधडी उसवली. ललिताची पाटी घेतली. एक एक अकशर पाटीवर उतरवलं. जोडाकशर सोडून देलं. पहिलं वाचता आलं ते बुधाजी. मंग आलं, खिडकीचे माप दाखवले नाही. पंधरा दिवसात येऊन भरावे. एवढंच होतं बाळा. कोणी मेलं नवतं.

सगळे सांगतात तिचं दुखणं मोठं होतं, खोली असती तरी गेली असती. असंल. पण खोलीत गेली असती. शेवंती पाहून गेली असती. धुरात नसती गेली. तुले जिता ठेवाले मी तिले मारलं का रे?

काल नथुजीचे पाय धरले. तो मनला, बाई, ते कारड चुलीत टाका अन कोणाले सांगू नका, मले लोक बोलतात तं बोलू देजा. मी चुलीत नाही टाकलं. बाबाले अजून सांगितलं नाही. तो माणूस बाबूले चांगला मनते, कायदा चांगला मनते, फकत नथुजीले वाईट मनते. अन वाईट मी. बाबाले कसं सांगू ते तू लिही.

कारड या चिठीत घालून पाठवते. माया जवळ राहिलं तं मी ते रोज वाचते.

आईले टाकू नको.

तुई आई,
इंदू


धारणी,
ता. १९ नोवेंबर

आई,

जयभीम. ही चिठी तूच वाच. कोणाकडून वाचून घेऊ नको. एकही जोडाकशर टाकलं नाही. दोनदा तपासलं.

तुझी चिठी मुलांसमोर वाचली अन मुलांना लवकर घरी सोडलं. मला हसू आलं नाही आई. तू मोठी चिठी लिहिलीस. ललीला दाखवायला पाहिजे होती.

तू विचारलं, मी तिला मारलं का. नाही. महिनाभर न लिहिणारा मी होतो. मेलेला मासतर तुला सांगणारा मी होतो. माप कोरं ठेवून भांडणारे ते दोघं होते, अन ते भांडण लाडाचं होतं. कोणाला दोष देऊ? सगळी आपलीच माणसं. मी रातंदिवस हाच विचार करतो अन तुझा राग येत नाही. रडू येतं.

कारड मी माझे पेटीत ठेवलं. आता तू ते वाचायचं नाही.

नाताळात मी दहा दिवस घरी येतो. बाबांना आपण दोघं मिळून सांगू. नथुजीला बोलावून चहा देऊ अन तो बसलेला असताना सांगू. बाबा ओरडतील. मग रडतील. तू माझा हात धरून बस. मग आपण खोली बांधू. परवानगी वाया जाऊ देणार नाही. खिडकी चार फूट. तिथं बसून तू वाचत जा. उरलेली अकशरं मी शिकवतो.

या कागदाचे चारी कोपरे पाहून पाठवतो आहे. तरी वाटेत एखादा गेला तर घाबरू नको. आधी वाच.

तुझा जिता लेक,
देवमन